परवाना कोण मागतंय, आणि कोणत्या कायद्याखाली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो; काही चुकीचं समजलो असेन तर खाली दुरुस्त करा. तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहता, आसपासच्या वस्त्यांच्या बातम्यांचं मराठी-हिंदी चॅनल यूट्यूबवर चालवता आणि त्यातूनच अर्ध्या तासाचं बुलेटिन बनवून एका केबल नेटवर्कला देता. ड्रेनेजच्या रखडलेल्या कामावर तुम्ही बातम्या केल्या. मग एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं की ‘इलेक्ट्रॉनिक मीडिया’ चालवण्याच्या परवान्याची प्रत ७ दिवसांत सादर करा, नाहीतर चॅनल बंद करण्यात येईल. एका मित्रानं प्रेस कौन्सिलमध्ये नोंदणी करायला सांगितलं, दुसरा २५ हजारांत ‘राष्ट्रीय मीडिया प्रमाणपत्र’ आणून द्यायला तयार आहे. आणि तुम्ही विचारताय की वर्तमानपत्राला कायद्यात जागा आहे, तशी आमच्यासारख्यांना संविधानात काही जागा आहे की नाही.

मुदतीतले काही दिवस गेले असतील, म्हणून तातडीचं आधी सांगतो. २५ हजार कोणालाही देऊ नका. व्हिडिओ घाबरून काढून टाकू नका. आणि पत्राला उत्तर न देता गप्प बसू नका. कार्यालयाचं नाव तुम्ही इथे लिहिलं नाहीत, ते बरं केलंत.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात आणि तुमच्या प्रश्नातही दोन गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत. बोलण्याचा हक्क ही एक, आणि ते बोलणं ज्या वाटेनं लोकांपर्यंत जातं त्या वाटेचा परवाना ही दुसरी. पायी राजवाड्याला निघालात तर कोणी परमिट विचारत नाही, सिटी बस चालवायची तर परमिट लागतं. राजवाड्याला जाण्याचा हक्क मात्र दोघांचा एकच. इंदूर खंडपीठासमोर अशा प्रकरणांत उभा राहताना मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो: हरकत आशयाला आहे की वाटेला? सरकारी पत्र लिहिणारा बहुतेक वेळा आशयावर चिडलेला असतो आणि कागद वाटेचे मागतो.

संविधानाचं बघू. तुमचा समज असा दिसतो की वर्तमानपत्रांना संविधानानं काही खास स्थान दिलंय. तसं नाही. मूलभूत हक्कांच्या भागात ‘प्रेस’ हा शब्दच नाही. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो, आणि वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य न्यायालयानं त्याच वाक्यातून काढलंय. यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या मराठी वर्तमानपत्राचा आहे. पुण्याच्या ‘सकाळ’नं १९५६ च्या किंमत आणि पृष्ठसंख्या कायद्याला आव्हान दिलं होतं. किती पानांना किती किंमत, हे सरकार ठरवणार, असा तो कायदा. लहान वर्तमानपत्रांना स्पर्धेत टिकवण्यासाठी म्हणजे व्यापाराच्या, लोकहिताच्या कारणासाठी हे करतोय, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. अभिव्यक्तीवर निर्बंध घालायचा तर तो १९(२) मधल्या कारणांसाठीच घालता येईल. ‘जनहित’ हे व्यवसायस्वातंत्र्याच्या १९(६) मधलं कारण इथे आणून चालणार नाही, असं सांगून तो कायदा रद्द केला. सकाळ पेपर्सचा हा निकाल १९६२ च्या न्यायनिर्णयांच्या अहवालांत आहे आणि तुमच्या प्रकरणात आजही कामाला येतो, कारण तुम्हाला आलेल्या पत्रातही ‘जनहितार्थ’ एवढंच कारण दिलंय असं तुम्ही लिहिलंय.

१९(२) मधली कारणं मोजकी आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधाला चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्याबाहेरचं नवं कारण काढता येत नाही, हे ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठानं पुन्हा स्पष्ट केलं. कामाची दिरंगाई दाखवल्यानं अधिकाऱ्यांची मानहानी वाटणं यात कुठे बसतं ते शोधून बघा.

मग इलेक्ट्रॉनिक माध्यम वेगळं का वागवलं जातं? याचं उत्तर १९९५ च्या निकालात आहे. १९९३ च्या हीरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शननं आणि मंत्रालयानं आडकाठी केली, आणि भांडण दिल्लीपर्यंत गेलं. न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठानं फेब्रुवारी १९९५ मध्ये दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्या मर्यादित आहेत, म्हणून त्यांच्या वापरावर सार्वजनिक प्राधिकरणाचं नियंत्रण योग्य आहे. पण म्हणून त्यांच्यावर सरकारची मक्तेदारीही चालणार नाही, कारण माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा हक्क १९(१)(क) मध्येच आहे. न्यायालयानं त्यासाठी स्वायत्त प्राधिकरणाची अपेक्षा धरली होती. ते आजतागायत एकसंध असं झालेलं नाही. दर आणि जोडणी ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) बघतं, आशय माहिती आणि प्रसारण मंत्रालय बघतं, आणि मध्ये स्वनियमनाच्या संस्था आहेत. माझं स्पष्ट मत: आपल्याकडचा बराच गोंधळ या अर्धवट राहिलेल्या कामातून येतो.

लक्षात घ्या, परवान्याचं समर्थन लहरींच्या टंचाईवर उभं आहे. इंटरनेटवर ती टंचाई नाही. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात, ज्यात आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, सर्वोच्च न्यायालयानं एक नाजूक फरक केला. इंटरनेटचा वेग आणि पसारा वेगळा आहे, म्हणून त्याच्यासाठी वेगळा कायदा करणं चूक नाही. पण त्या कायद्यानं अभिव्यक्तीवर घातलेला निर्बंध मात्र १९(२) च्या त्याच कसोटीला उतरला पाहिजे. म्हणजे माध्यम बदललं तर यंत्रणा बदलू शकते, कसोटी बदलत नाही. हे एक वाक्य पक्कं समजलं की ‘आम्हाला जागा आहे का’ ही तुमची काळजी मिटेल. जागा तीच आहे जी पुण्याच्या त्या वर्तमानपत्राला मिळाली.

जाता जाता एक कमी माहीत असलेली गोष्ट. संविधानात प्रसारणाचा उल्लेख अगदीच नाही असंही नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आलेला अनुच्छेद ३६१अ संसद आणि विधानसभेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्या वर्तमानपत्राला संरक्षण देतो, आणि त्याचंच दुसरं खंड ते संरक्षण बिनतारी प्रसारणालाही देतं. भोपाळच्या विधानसभेचा वृत्तांत देणाऱ्याला हे कामाचं. महापालिकेच्या परिषदेला मात्र ते लागू नाही, आणि यूट्यूब त्या शब्दांत बसतं का यावर वाद होऊ शकतो. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

आता वाट. इथे सातव्या अनुसूचीकडे जावं लागतं, आणि पत्र पाठवणाऱ्या कार्यालयांना नेमकं हेच माहीत नसतं. वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि छापखाने समवर्ती सूचीत ३९ व्या नोंदीत आहेत. टपाल, टेलिफोन, बिनतारी, प्रसारण ‘आणि तत्सम दळणवळण’ संघ सूचीत ३१ व्या नोंदीत आहेत. म्हणजे प्रसारणावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. मध्यप्रदेश सरकारला स्वतःचा ‘न्यूज चॅनल परवाना कायदा’ करता येणार नाही, आणि त्यानं तो केलेलाही नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे जो अधिकार असेल तो केंद्राच्या कायद्यानं त्याला नावानिशी दिलेला असला पाहिजे. म्हणून उत्तरात विचारायचं ते एवढंच: आपण कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली ही माहिती मागत आहात?

वाटा साधारण तीन. उपग्रह वाहिनीची वाट तुमच्यासाठी नाही, म्हणून लवकर संपवतो. तिला मंत्रालयाची अपलिंकिंगची, म्हणजे उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्याची, परवानगी लागते, बातम्यांच्या वाहिनीसाठी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) लागते आणि २० कोटींची नक्त मालमत्ता दाखवावी लागते. तिथेही सरकारला मोकळं रान नाही. मल्याळम मीडियावन वाहिनीची परवानगी सुरक्षेचं कारण देऊन आणि कागद बंद लिफाफ्यात देऊन नाकारली, तेव्हा ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. सरकारवर टीका केली म्हणून वाहिनी देशविरोधी होत नाही, हे त्यात आलंय. रेडिओचंही एका ओळीत: खाजगी एफएम आपल्या शहरात २००१ पासून आहे, पण त्याला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं. मालवा हाउसमधून, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रातून, जे सांगता येतं ते शेजारच्या खाजगी स्टेशनला सांगता येऊ नये, यामागचा तर्क मला कधी पटला नाही. २०२३ मध्ये ट्रायनं तासाला १० मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केलेली आहे.

दुसरी वाट केबलची, आणि तुमचं खरं दुखणं इथे आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम १९९५ मध्ये नोंदणी केबल ऑपरेटरची असते. ती पूर्वी हेड पोस्ट ऑफिसात व्हायची, जानेवारी २०२५ पासून मंत्रालयाच्या पोर्टलवर होते आणि ५ वर्षं चालते. कार्यक्रम बनवून देणाऱ्याला या कायद्यात वेगळा परवाना नाही. पण तुमचं बुलेटिन ज्या स्थानिक वाहिनीवर दिसतं तिला आता ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात, आणि ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिची नोंदणी मल्टी सिस्टीम ऑपरेटरनं (एमएसओ), म्हणजे नियंत्रण कक्षवाल्यानं, करायची असते. प्रत्येक वाहिनीला एकदाच १,००० रुपये शुल्क, एकूण वाहिन्यांच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या, पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ अशी पट्टी, आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं. स्थानिक बातम्या द्यायच्या तर तो ऑपरेटर कंपनी म्हणून नोंदलेला हवा.

ही अट बऱ्याच ठिकाणी पाळलेली नसते. इंदूर केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्याच टप्प्यात, २०१३ मध्येच आलं. तेव्हापासून गल्लीतला केबलवाला स्वतःच्या मनानं वाहिनी घुसवू शकत नाही, सगळं वरून येतं. तरी जुन्या सवयीनं तोंडी व्यवहार चालतात. म्हणून उद्याच तुमच्या केबल नेटवर्ककडून दोन कागद मागा: त्यांचं एमएसओ नोंदणीपत्र आणि तुमचं बुलेटिन दिसणाऱ्या वाहिनीची प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणून नोंदणी. आणि तुमच्यात लेखी करार नसेल तर तो करून घ्या, ज्यात नोंदणीची जबाबदारी त्यांची आणि आशयाची तुमची, हे स्वच्छ लिहिलेलं असेल. ते कागद देऊ शकले नाहीत तर तुमचं बुलेटिन तिथे काही दिवस थांबवणं शहाणपणाचं. यूट्यूबवर त्याचा परिणाम होत नाही.

याच कायद्यात स्थानिक अधिकाऱ्याला खरा अधिकार आहे, हेही लपवत नाही. ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस आयुक्त, आणि सरकारनं राजपत्रात तसं अधिसूचित केलेला दुसरा अधिकारी. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात आयुक्तालय आहे, तेव्हा तेही यात आले. कलम ११ खाली ते नोंदणी नसलेल्या ऑपरेटरची उपकरणं जप्त करू शकतात, आणि कलम १९ खाली एखादा कार्यक्रम किंवा वाहिनी दाखवायला मनाई करू शकतात. पण आदेश केबल ऑपरेटरला द्यायचा असतो आणि त्याला कारण लागतं: कार्यक्रम संहितेचा भंग, किंवा धर्म, जात, भाषा अशा आधारावर वैर पसरण्याची शक्यता. टीआय (पोलीस ठाण्याचा प्रभारी) किंवा महापालिकेचा झोनल अधिकारी, तशी अधिसूचना नसेल तर, या यादीत नाही. शिवाय कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निरीक्षण समितीची तरतूद आहे, ज्यात जनसंपर्क अधिकाऱ्यापासून महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांपर्यंत सदस्य असतात. तक्रार आशयाची असेल तर ती तिथे जायला हवी होती.

कार्यक्रम संहिता, म्हणजे १९९४ च्या केबल नियमांतला नियम ६, एकदा तरी शांतपणे वाचा. त्यात अर्धसत्य, सूचक टोमणे, व्यक्तीची निंदा असे शब्द आहेत. ते १९(२) पेक्षा कितीतरी सैल आहेत, आणि माझ्या मते ते १९(२) च्या चौकटीतच वाचले पाहिजेत. पण न्यायालयात जाऊन हे सांगण्यापेक्षा बातमीतच तशी संधी न देणं स्वस्त पडतं. ‘साहेबांनी पैसे खाल्ले असतील’ असं म्हणू नका. निविदेची तारीख, काम पूर्ण करायची तारीख आणि आजचा खड्डा दाखवा.

तिसरी वाट इंटरनेटची. यूट्यूबवर बातम्या द्यायला आज कोणत्याही कायद्यात पूर्वपरवाना नाही. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदाही छापील प्रकाशनांपुरताच आहे, आणि प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्यानं वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या मित्रानं सुचवलेली नोंदणी तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही, आणि दुसऱ्याचं प्रमाणपत्र हा रंगीत कागद आहे. आपल्या जनसंपर्क विभागाची अधिमान्यता, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, वेगळी: ती मिळाली तर प्रवेश, सवलती सोप्या होतात, पण ती नसणं हा गुन्हा नाही.

पूर्वपरवाना नाही याचा अर्थ नियम नाहीत असा मात्र नाही. २५ फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांचा तिसरा भाग ‘बातम्या आणि चालू घडामोडींच्या प्रकाशकां’ना लागू होतो. तुम्ही त्यात येता का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जो माणूस पद्धतशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापारी कामकाज म्हणून आशय देत नाही, तो व्याख्येतून वगळलेला आहे. आणि पद्धतशीर म्हणजे ज्यात नियोजन, सातत्य, चिकाटी आहे असं काम. तुमचं रोजचं बुलेटिन, जाहिराती आणि केबलचा करार बघता, मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो तरी ‘आम्ही हौशी आहोत’ असा युक्तिवाद करणार नाही. तुम्ही प्रकाशक आहात असं धरूनच चाला. त्यात करायचं असतं त्यातलं मुख्य असं: मंत्रालयाला आपली माहिती कळवणं आणि तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, संपर्क चॅनलवर देणं, तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय. हे कळवणं आहे, परवाना मागणं नाही.

यातल्या आचारसंहितेची सक्ती करणारे नियम ९(१) आणि ९(३) मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगित केले. ‘द लीफलेट’ हे संकेतस्थळ आणि पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिका होत्या. केबलची कार्यक्रम संहिता आणि प्रेस कौन्सिलचे नीतिनियम उचलून इंटरनेटवर लादणं मूळ आयटी कायद्याच्या बाहेर जातं, हा त्यातला गाभा. या विषयावरच्या देशभरातल्या याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडे दिल्या. तेव्हा स्थगिती आहे म्हणून तक्रार अधिकारी नेमायचा नाही असं करू नका. एक नाव आणि एक ईमेल द्यायला काही खर्च नाही, आणि न्यायालयासमोर जबाबदार माणूस म्हणून उभं राहणं सोपं जातं.

बंद करण्याचा अधिकार कोणाचा? आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर रोखण्याचा आदेश केंद्र सरकार देतं, तोही सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि त्यांच्याशी निगडित चिथावणी एवढ्याच कारणांसाठी. बदनामी त्यात नाही. सभ्यताही नाही. दुसरा रस्ता कलम ७९(३)(ब) चा: सरकार यूट्यूबला कळवतं की अमुक मजकूर बेकायदा आहे, आणि कंपनी स्वतःचं संरक्षण जाऊ नये म्हणून तो काढते. हा रस्ता फार वापरला जातो. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशी सूचना केंद्र-राज्यात सहसचिव दर्जाच्या, आणि पोलिसांत डीआयजी किंवा वरच्या, खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचीच चालते, आणि त्यात कायदेशीर आधार लिहावा लागतो. टीआयनं किंवा तहसिलीतून थेट यूट्यूबला पाठवलेलं पत्र या नियमात बसत नाही. पण आयुक्तालय असलेल्या शहरात त्या दर्जाचे अधिकारी गावातच बसतात, हेही ध्यानात असू द्या. यूट्यूबकडून ‘सरकारी विनंतीवरून’ असा ईमेल आला तर तो आहे तसा जपा. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली जायला तोच पहिला कागद लागतो.

जिल्हा प्रशासन आणखी एक हत्यार वापरतं: सणासुदीला, अनंत चतुर्दशीच्या झांक्या किंवा रंगपंचमीची गेर या मिरवणुकांच्या आधी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश (जुनं १४४). भडकाऊ पोस्टवर तो चालतो. ड्रेनेजच्या बातमीवर चालत नाही. अनुराधा भसीन निकालात, जानेवारी २०२० मध्ये, न्यायालयानं सांगितलंय की हे कलम रास्त मतप्रदर्शन दाबायला वापरता येणार नाही, आणि आदेश असा असला पाहिजे की त्याला आव्हान देता येईल. निवडणुकीच्या काळात मात्र जास्त जपा: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीचा प्रचारी मजकूर पडद्यावर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मनाई करतं, आणि राजकीय जाहिरातीला आधी एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि निरीक्षण समितीचं, प्रमाणपत्र लागतं. इथे पडद्याचे नियम छापील कागदापेक्षा खरंच कडक आहेत.

तुमच्या बातमीचा आशय पाहता मला जास्त शक्यता दिसते ती बदनामीच्या धमकीची. तिच्याबद्दल दोन गोष्टी. १९९४ च्या आर. राजगोपाल निकालाप्रमाणे सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था बदनामीच्या नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही, आणि अधिकाऱ्यालाही त्याच्या कामाच्या बाबतीत, तुम्ही खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही असं दाखवल्याशिवाय, दावा चालवता येत नाही. फौजदारी बदनामी न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि तो अदखलपात्र गुन्हा आहे; त्यावर ठाण्यात सरळ एफआयआर होत नाही, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं. वैर पसरवणं वगैरे, ३ ते ७ वर्षांच्या टप्प्यातली कलमं लावायचा प्रयत्न झाला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत पोलिसांनी ती वापरावी असं सर्वोच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ च्या इमरान प्रतापगढी निकालात म्हटलंय. तुमच्या वकिलानं ठाण्यात ३५६ आणि १७३(३) हे दोन्ही आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आणि कोणी ठेकेदार दिवाणी न्यायालयातून एकतर्फी मनाई आणेल अशी भीती असेल, तर मार्च २०२४ च्या ब्लूमबर्ग निकालाची प्रत तयार ठेवा. पूर्ण सुनावणीआधी पत्रकारितेच्या मजकुरावर बंदी अगदी अपवादानंच द्यावी, असं तिथे खालच्या न्यायालयांना बजावलंय.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘नव्या ब्रॉडकास्टिंग कायद्या’नं तुम्हाला घाबरवलं असेल, तर तो नोव्हेंबर २०२३ चा मसुदा होता, २०२४ मध्ये त्याची सुधारित प्रत फिरली आणि ऑगस्टमध्ये मागे घेतली गेली. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

उत्तर असं द्या. एक पान पुरे. पहिल्या परिच्छेदात, आपलं पत्र मिळालं, तारीख अमुक. दुसऱ्यात, यूट्यूबवरच्या प्रकाशनासाठी कोणत्याही अधिनियमात पूर्वपरवान्याची तरतूद माझ्या माहितीत नाही. असल्यास कलम आणि आपला प्राधिकार कळवावा, मी पूर्तता करीन. तिसऱ्यात, केबलवरचं बुलेटिन अमुक नोंदणीकृत ऑपरेटरच्या प्लॅटफॉर्म सर्व्हिसवर दिसतं, नोंदणीची प्रत सोबत. हे वाक्य ती प्रत हातात असेल तरच लिहा. चौथ्यात, बातमीतल्या कोणत्या विधानावर हरकत आहे ते कळवावं, आपली बाजू तेवढ्याच ठळकपणे दाखवीन. हे शेवटचं मनापासून लिहा आणि खरंच दाखवा. ‘माझा मूलभूत हक्क’ वगैरे मोठे शब्द या पत्रात नकोत. ते याचिकेसाठी राखून ठेवा. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि एक प्रत स्पीड पोस्टानंही पाठवा.

एवढं करूनही त्यांनी केबलवर बुलेटिन बंद करायला तोंडी सांगितलं, तर ऑपरेटरला म्हणा की आदेश लेखी आणि कलम १९ चा नावासह हवा. बहुतेक ऑपरेटर असं मागत नाहीत, त्यांना तिथेच धंदा करायचा असतो. मग तुमचं काम इंटरनेटवरूनच चालेल असं धरा. लेखी आदेश आलाच तर तो त्याच दिवशी वकिलाला दाखवा.

तुमच्या पत्राचा फोटो इथे टाकलात तर नेमकं सांगता येईल. नावं, क्रमांक झाकून टाका, पण सही करणाऱ्याचा हुद्दा आणि ‘संदर्भ’ या शब्दासमोर लिहिलेली ओळ दिसू द्या.